एका खोलीतले गाणे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळा उतरवला जातो. पितळेची समई खाली येते, आणि तिच्यामागून दांडी तुटलेल्या छत्र्या, बंद पडलेला रेडिओ, झाकण हरवलेले डबे असा सारा गोतावळाही खाली येतो. प्रत्येक वस्तूमागे एकच कारण असते : 'लागेल कधीतरी.' मग ती वस्तू पुसली जाते आणि पुन्हा माळ्यावर जाते.

गेल्या वर्षी ही आवराआवर चालू असताना बहिणीचा मुलगा आमच्याकडे मुक्कामाला होता. बावीस वर्षांचा हा मुलगा गाणी रचतो. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता यावे म्हणून त्याने आपल्या खोलीत मोठा सरंजाम जमवला आहे : दोन कीबोर्ड, चार मायक्रोफोन, नाना बटणांच्या पेट्या, आणि संगणकात शेकडो वाद्यांचे नमुने. पगारातला निम्मा पैसा त्यात जातो. इतके असून तीन वर्षांत पुरे झालेले गाणे एकही नाही!

माझी आई, म्हणजे त्याची आजी, शहात्तर वर्षांची आहे. तिला तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या येतात. त्या मुद्रित करून घ्यायच्या असा त्याचा दोन वर्षांचा संकल्प. मी आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "मामा, या माइकवर आजीच्या आवाजातली खरखर नीट उतरत नाही. दिवाळीत सूट लागली की चांगला घेतो, मग करू."

आई पणत्या पुसत होती. ती हसून म्हणाली, "तुझं यंत्र येईस्तोवर मी राहायला हवी ना रे!"

ती हसली, पण आम्ही दोघे हसलो नाही. त्या रात्री त्याला मी जी हकिकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो. ती परदेशातली आहे, पण माळा प्रत्येक घरी असतोच.

घरात बसून ध्वनिमुद्रण करण्याचे वेड ज्यांच्यापासून पसरले, त्यांत अमेरिकेचा गिटारवादक लेस पॉल हा अग्रणी. हॉलिवुडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने तबकड्या कोरण्याचे यंत्र स्वतः बनवले आणि त्यासाठी कॅडिलॅक मोटारीचे जड चाक वापरले. एका तबकडीवर गिटार वाजवायची, ती लावून तिच्या जोडीला दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे, असा तो खटाटोप. या रीतीने एकट्याने अनेक गिटारी वाजवून केलेली त्याची 'लव्हर' ही तबकडी १९४८ साली बाजारात आली.

पुढे १९४९ मध्ये बिंग क्रॉस्बी या गायकाने त्याला अँपेक्स कंपनीचे फितीचे यंत्र भेट दिले. लेस पॉलने त्यावर एक जादा हेड बसवून घेतले, म्हणजे आधीच्या आवाजावर नवा आवाज चढवता येऊ लागला. मात्र यात एक मेख होती. नवा थर चढवताना चूक झाली तर जुनाही थर बिघडे, आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. त्यामुळे बटणाला हात लावण्यापूर्वी कोणता सूर कुठे येणार हे डोक्यात पक्के असावे लागे. त्याने आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड हिने केलेले 'हाउ हाय द मून' हे गाणे १९५१ मध्ये नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. १९५७ मध्ये अँपेक्सचे आठ ट्रॅकचे यंत्र त्याच्या घरी आले. ट्रॅक म्हणजे फितीवरची स्वतंत्र वाट. प्रत्येक वाद्य आपल्या वाटेने जाते आणि एकाच्या चुकीने दुसरे बिघडत नाही. त्याची किंमत दहा हजार डॉलर होती. पण त्या जोडप्याची लोकांच्या ओठांवर बसलेली मोठी गाणी त्याच्या आधीची आहेत. दोष यंत्राचा नव्हे. तोवर रॉक अँड रोल आले होते आणि लोकांची आवड पालटली होती. एवढे मात्र खरे की आठ ट्रॅकनी ते दिवस परत आणले नाहीत.

आता लंडनला येऊ. १९६९ च्या अखेरीस बीटल्स ही जगप्रसिद्ध चौकडी फुटण्याच्या बेतात होती आणि पॉल मॅकार्टनी मनाने खचला होता. जगातला कोणताही स्टुडिओ त्याला मिळाला असता. त्याने काय केले? लंडनमधल्या आपल्या घरात स्टूडर कंपनीचे चार ट्रॅकचे एक यंत्र आणवले. आवाज मिसळण्याचे टेबल नाही, आवाजाची पातळी दाखवणारा काटाही नाही. मायक्रोफोनची तार सरळ यंत्रात खुपसायची, आवाज फार मोठा आला तर माइकपासून मागे सरकायचे. सारी वाद्ये तो स्वतःच वाजवी, साथीला पत्नी लिंडाचा आवाज. पुढे काही काम त्याने मोठ्या स्टुडिओतही केले. त्या संग्रहातले सर्वांत गाजलेले गाणे 'मेबी आय अ‍ॅम अमेझ्ड' तर अ‍ॅबी रोड स्टुडिओतले आहे. पण मोडलेल्या माणसाला पुन्हा गाण्याकडे वळवले ते घरातल्या त्या उघड्यावाघड्या यंत्राने. १७ एप्रिल १९७० रोजी 'मॅकार्टनी' या नावाने तो संग्रह प्रसिद्ध झाला.

तिसरी हकिकत ब्रूस स्प्रिंगस्टीनची, आणि मला ती सर्वांत बोधप्रद वाटते. न्यू जर्सीतल्या एका कष्टकरी कुटुंबातला हा मुलगा मोठा गायक झाला. परंतु स्टुडिओत शिरला की त्याचे काम संपत नसे. १९७४ मध्ये 'बॉर्न टू रन' या एकाच गाण्यावर त्याने सहा महिने घालवले होते. १९८० चा 'द रिव्हर' हा दुहेरी संग्रह अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण तो पुरा व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला होता. गाणी स्टुडिओत जाऊन शोधायची आणि घड्याळाचे पैसे भरत राहायचे, याचा त्याला वीट आला. गाणी घरीच पारखून घ्यावीत म्हणून त्याने सहायकाला एक साधे यंत्र आणायला सांगितले.

ते यंत्र म्हणजे टीॲक कंपनीचे १९७९ मध्ये निघालेले पोर्टास्टुडिओ. किंमत सुमारे हजार डॉलर. चालायचे ते आपल्या परिचयाच्या साध्या कॅसेटवर. कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून चार ट्रॅक असतात; एका बाजूचे दोन एका दिशेने, दुसऱ्या बाजूचे दोन उलट दिशेने. या यंत्राने चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने फिरवली. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटे मावत.

कोल्ट्स नेक या गावी भाड्याच्या घरात, झोपण्याच्या खोलीत, ३ जानेवारी १९८२ रोजी बहुतेक गाणी उतरली. दोन मायक्रोफोन, एक आवाजाला, एक गिटारीला. हे दोन ट्रॅक झाले. उरलेल्या दोहोंवर माउथ ऑर्गन किंवा दुसरा आवाज. पुढे जागाच नाही! आपल्या तंबोऱ्याला चार तारा असतात. पाचवीसाठी अडून बसलेला गवई कोणी पाहिला आहे काय? नंतर ते सारे एकत्र करून साध्या कॅसेटवर उतरवले, तेही एकदा पाण्यात पडून पुन्हा जिवंत झालेल्या पॅनासोनिकच्या यंत्रावर. ती कॅसेट तो काही दिवस डबीशिवाय खिशात घालून हिंडत होता.

गाणी होती खुनी, बेकार आणि कर्जबाजारी माणसांची. बेत असा की ती बँडला शिकवावीत आणि न्यू यॉर्कच्या पॉवर स्टेशन या उत्तम स्टुडिओत थाटात करावीत. त्या वसंत ऋतूत तसे करूनही पाहिले. वाजवणारे एकाहून एक कसलेले. पण वाद्ये भरली तशी त्या गाण्यांतली एकटी माणसे त्यांत बुडून गेली. अखेर त्याने खिशातली कॅसेटच छापायचे ठरवले. तिच्यावरून तबकडी बनवताना तंत्रज्ञांची पुरेवाट झाली. ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' प्रसिद्ध झाला. दहा गाणी. त्यासाठी दौरा नाही की मुलाखती नाहीत. तरी तो अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, आणि त्याच्या उत्तम कामांत आजही गणला जातो. बँडसह केलेली त्या वेळची ध्वनिमुद्रणेही २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. ज्याला हवे त्याने दोन्ही ऐकून पाहावीत.

येथवर ऐकून भाच्याने मला पेचात पकडले. "म्हणजे मामा, साधन कमी असलं की गाणं चांगलं होतं, असंच ना?"

तसे नाही. त्याच कॅसेटमधले 'बॉर्न इन द यू. एस. ए.' हे गाणे एकट्या गिटारीवर उभे राहिले नव्हते. बँडबरोबर मात्र ते गर्जून उठले आणि १९८४ मध्ये जगभर गेले. काही गाण्यांना ढोल लागतोच. गरिबी हा काही गुण नव्हे, आणि यंत्र हा काही शत्रू नव्हे. लेस पॉलसारखा यंत्रवेडा तर शोधून सापडणार नाही. पण त्याच्या मनात आधी सूर वाजे आणि त्यासाठी तो यंत्र घडवी. आपण आधी यंत्र आणतो आणि मग त्याला साजेसा सूर कधी सुचेल याची वाट पाहतो. हाताशी शंभर आवाज असले की दिवस निवडण्यात जातो. चारच वाटा असल्या की निवड चटकन संपते आणि गाणे सुरू होते.

मीही त्याला सोवळेपणाने हे सांगू शकत नव्हतो. शाळामास्तराच्या घरी शांत खोली आणि प्रशस्त मेज नाही म्हणून मी एक कादंबरी चार वर्षे अडवून ठेवली होती. पहिली मात्र लिहिली होती स्वयंपाकघरात, पाटावर वही ठेवून!

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा आपल्या घरून एक मायक्रोफोन आणि एक छोटे यंत्र घेऊन आला. "बाकीचं विकलं नाही, मामा. चादर घालून झाकून ठेवलंय," तो म्हणाला. त्याने आजीला जात्याजवळ बसवले. जाते आता दळत नाही, पण खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओव्या आठवत नाहीत. तिने एकोणीस ओव्या म्हटल्या. दोन ठिकाणी शब्द गेले, तिथे ती नुसती गुणगुणली. मधे शेजारच्या कुकरची शिटी आली.

ती शिटी काढून टाकता येईल, असे भाचा म्हणतो. आम्ही ती ठेवली आहे. ते दोन ठिकाणचे शब्द मात्र आता कोणालाच ठाऊक नाहीत. दोन वर्षांपूर्वी, पहिला मायक्रोफोन घरी आला त्या दिवशी, ते आईला बहुधा येत असावेत.