फिजी : वाळू, अळू आणि गिरमिट

फिजीच्या मुख्य विमानतळाचे गाव रोमन नकाशावर 'नदी' असे दिसते. तिथला माणूस मात्र त्यास 'नांदी' म्हणतो. नाटकाच्या आधी नांदी व्हावी तशी आमच्या प्रवासाची सुरुवातही नांदीनेच झाली, याचे आम्हांस फार कौतुक वाटले. हा घोळ १८३५ साली आलेल्या वेस्लियन पाद्र्यांच्या लेखनपद्धतीचा आहे. फिजीयन भाषेत 'ड'च्या आधी अनुनासिक येतेच, म्हणून त्यांनी एका ध्वनीस एक अक्षर ठरवून टाकले. त्यामुळे सिगातोका लिहावे आणि सिंगातोका वाचावे लागते. तिथला थोर सरदार थाकोम्बाऊ तर परक्याच्या तोंडी 'काकोबाऊ' होतो. देवनागरीत ही अडचण उद्भवली नसती.

समुद्रकिनाऱ्यांविषयी आम्ही फार लिहिणार नाही. व्हिती लेवू या मोठ्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतले पाणी शांत आहे, आणि जाहिरातींतली चित्रे खोटी नाहीत. आम्हांस अधिक रमवले ते सिंगातोका नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या टेकड्यांनी. वाऱ्याने वाळू सरकली की तिच्यातून लापिता लोकांच्या मडक्यांची खापरे वर येतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी होड्यांतून येऊन ही बेटे प्रथम वसवणारी ती माणसे. १९८९ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

जेवणात मात्र घरची ओळख अवचित भेटली. 'रोऊरोऊ' नावाची हिरवी भाजी पानात आली आणि पहिल्याच घासाला आम्ही एकमेकांकडे पाहिले: हे तर अळू! आपण अळूच्या फदफद्यात चिंच, गूळ, दाणे, मुळा घालतो. तिथे नारळाचा दाट रस घालून पाने मऊ होईपर्यंत शिजवतात. त्या रसास 'लोलो' म्हणतात. अळूचा कंदही त्यांच्या रोजच्या जेवणातला आहे. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, 'कोकोंडा', आमच्यापैकी दोघांनी आवडीने खाल्ला, उरलेल्यांनी कौतुकाने पाहिला. आणि याच पंगतीत रोटी, डाळ, भात, आंब्याचे लोणचे! ते कसे आले, ही खरी फिजीची गोष्ट आहे.

बेळगाव-धारवाडकडील आमच्या वाचकांस गिरमिट म्हटले की चुरमुरे आठवतील, सुतारकामाची माहिती असणाऱ्यांस लाकडास भोक पाडण्याचे हत्यार. फिजीतले गिरमिट हा 'ॲग्रिमेंट' या शब्दाचा अपभ्रंश. १० ऑक्टोबर १८७४ रोजी थाकोम्बाऊ व इतर सरदारांनी लेवुका येथे ही बेटे इंग्लंडच्या राणीस दिली. पाठोपाठ १८७५ मध्ये गोवराची साथ आली आणि सुमारे ४० हजार माणसे, म्हणजे बेटावरच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक, दगावली. त्याच वर्षी आलेला गव्हर्नर आर्थर गॉर्डन याने मूळ रहिवाशांची जमीन विकली जाऊ नये आणि त्यांस मळ्यांवर राबवू नये असे धोरण धरले. हे धोरण त्यांच्या हिताचे होते, यात शंका नाही. पण वसाहतीचा खर्च उसातून निघायचा होता, आणि ऊस तोडायला कोणीतरी हवे होते. गॉर्डन त्यापूर्वी त्रिनिदाद व मॉरिशस येथे गव्हर्नर होता. हे 'कोणीतरी' कोठून आणावे हे त्यास ठाऊक होते.

'लिओनिदास' हे जहाज कलकत्त्याहून निघून १४ मे १८७९ रोजी लेवुकास लागले. वाटेत पटकी आणि देवी यांनी माणसे मेली होती, म्हणून उरलेल्या ४६३ जणांस जवळच्या यानुथा लाइलाइ या लहानशा बेटावर कित्येक आठवडे अडकवून ठेवले. त्यानंतर १९१६ पर्यंत कलकत्ता व मद्रास या बंदरांतून साठ हजारांहून अधिक माणसे गेली. करार पाच वर्षांचा. पुरुषास दिवसाला एक शिलिंग, बाईस नऊ पेन्स, तेही ठरवून दिलेले काम पुरे केले तर. राहण्यास दहा फूट लांब व सात फूट रुंद खोली. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याचा नियम होता. त्या नियमाने काय अनर्थ केले ते कुंती नावाच्या मजूर स्त्रीच्या हकिकतीवरून हिंदुस्थानास कळले. मुकादमापासून सुटण्यासाठी तिने नदीत उडी घेतली होती. ती हकिकत १९१३ मध्ये कलकत्त्याच्या 'भारतमित्र' पत्राने छापली.

मुंबई बंदरातून गिरमिटियांचे जहाज फिजीस गेले नाही, त्यामुळे तिथे मराठी वस्ती शोधणे व्यर्थ. पण हे बंधन तोडण्याच्या कामी आपल्याकडील दोन नावे येतात. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. बाजूने २२ मते, विरुद्ध ३३. पद्धत संपलेली पाहण्यास ते उरले नाहीत. फिजीतले शेवटचे करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले. दुसरे नाव आमच्या बडोद्याचे : बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर. ते गुजराती, पण गावकरी म्हणून आम्ही त्यांच्यावर हक्क सांगतो. १९१२ मध्ये ते सुवा येथे जाऊन मजुरांचे खटले लढू लागले. १९२० च्या संपात त्यांच्या पत्नी जयकुंवर यांनी स्त्रियांचे नेतृत्व केले आणि सरकारने पतिपत्नींस बेटावरून घालवून दिले. बडोद्यात त्यांची आठवण किती जणांस आहे, हे आम्ही परत आल्यावर विचारून पाहिले. उत्तर लिहिण्याजोगे नाही.

करार संपले, जमीन मिळाली नाही. आजही दहापैकी जवळजवळ नऊ हिस्से जमीन मूळ फिजीयन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. ऊस पिकवणारा भारतीय तिचा खंडकरी. १९७६ च्या कायद्याने तीस वर्षांचे पट्टे मिळाले, त्यांच्या मुदती १९९७ पासून संपू लागल्या आणि पुष्कळांस उभी घरे सोडावी लागली. तेवढ्यात राज्यक्रांत्याही झाल्या. सितिवेनी राबुका यांनी पहिले बंड केले तो दिवस १४ मे १९८७. 'लिओनिदास'च्या आगमनास त्या दिवशी बरोबर १०८ वर्षे झाली होती. २००० साली पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान महेंद्र चौधरी यांस ओलीस धरले गेले. १९८६ मध्ये लोकसंख्येत निम्म्याजवळ असलेले भारतीय २००७ मध्ये ३७.५ टक्क्यांवर आले. बाकीचे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इकडे गेले.

सुवाच्या संग्रहालयात रेव्हरंड थॉमस बेकर यांच्या बुटाचा तळ ठेवला आहे. १८६७ मध्ये त्यांस डोंगरातल्या एका गावाने मारून खाल्ले. २००३ साली त्या गावाने त्यांच्या वंशजांची रीतसर क्षमा मागितली. आम्ही त्या तळासमोर उभे राहून थोडे हसलो, थोडे वरमलो. १४ मे २०२३ रोजी पंतप्रधानपदी असलेल्या त्याच राबुकांनी १९८७ बद्दल भारतीयांची क्षमा मागितली. गिरमिट दिनास त्या वर्षापासून सार्वजनिक सुटी आहे. पट्ट्यांचा प्रश्न सुटीने सुटत नाही, पण गुन्हा ज्याने केला त्यानेच क्षमा मागावी, हे इतिहासात वारंवार घडत नाही.

लौटोकाच्या बाजारात अळूच्या जुड्या विकणाऱ्या एका आजींनी आमचे बोलणे ऐकून विचारले, "कौन जिला?" गिरमिटियाच्या परवान्यावर जिल्हा, ठाणे, गाव लिहिलेले असे, तेव्हापासूनचा तो प्रश्न. आमच्या घराण्यास बडोद्यात अडीचशे वर्षे झाली, तरी आम्ही क्षणभर अडखळून म्हणालो, "सातारा." आजींनी मान डोलावली. "हमार बस्ती," त्या म्हणाल्या, आणि जुडीत चार पाने जास्त घातली. बस्ती त्यांनी पाहिलेली नव्हती. साताऱ्यास आम्हीही एकदाच गेलो आहोत, लग्नाला.