राजा गेला, ध्यान गृहस्थांकडे आलं

नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांची फौज इरावती नदीतून मंडालेला पोहोचली आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा कैद झाला. मद्रासमार्गे त्याला रत्नागिरीत आणलं गेलं. १९१६ साली तो तिथेच वारला. थिबा राजवाडा पाहून आलेल्यांना एवढी हकीकत ठाऊक असते. त्याच्यामागे ब्रह्मदेशात जे घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि त्याचा धागा थेट आपल्या इगतपुरीपर्यंत येतो.

ब्रह्मी माणसाच्या लेखी राजा हाच धर्माचा राखणदार होता. थिबाचा बाप मिंडोन याने अवघं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं, १८७१ साली मंडालेत पाचवी बौद्ध संगीती (धर्मसभा) भरवली होती. आता दरबारच उरला नव्हता. मग बुद्धाची शिकवण टिकवायची कुणी?

लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूचं उत्तर सरळ होतं: गृहस्थांनी. ते गावोगाव हिंडले. अभिधम्मासारखा, म्हणजे बौद्ध तत्त्वविश्लेषणाचा, अवघड विषय त्यांनी बायाबापड्यांना शिकवला, पाठ करता यावा म्हणून पद्यात बांधला, आणि ध्यान संसारी माणसालाही साधतं असं निक्षून सांगितलं. तोवर सामान्यांचा धर्म बहुतेक दान, शील आणि भिक्षूंची सेवा एवढ्यातच सामावलेला असे. विपश्यना या ध्यानपद्धतीची ओळख अडीच हजार वर्षांची विद्या म्हणून करून दिली जाते. ध्यानाची शिकवण देणारं सतिपट्ठान सुत्त प्राचीन आहेच. पण कामावरून रजा काढून शिबिराला जाण्याची रीत आधुनिक आहे, आणि ती पारतंत्र्याच्या धक्क्यातून उभी राहिली. यामुळे तिचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं.

लेडी सयाडोंचे शिष्य सया थेटजी हे रंगूनजवळच्या खेड्यातले शेतकरी. भाताच्या गिरणीतही त्यांनी काम केलं होतं. १९०३च्या सुमारास पटकीने त्यांची मुलं नेली. शांततेच्या शोधात ते घराबाहेर पडले आणि लेडी सयाडोंपाशी पोहोचले. पुढे गुरूंनीच त्यांना शिकवायला सांगितलं. भिक्षू नसलेल्या माणसाने ध्यानाचा गुरू व्हावं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

त्यांच्याकडे १९३७ साली ऊ बा खिन आले. हे सरकारी हिशेब खात्यातले नोकरदार. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ते देशाचे महालेखापाल झाले. १९५०मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यना मंडळ काढलं. जमाखर्च तपासणारे कारकून तिथे स्वतःचा श्वास आणि अंगावरच्या संवेदना तपासू लागले. १९५२ साली रंगूनमध्ये त्यांचं ध्यानकेंद्र उभं राहिलं. नोकरी न सोडता माणूस अंतर्मुख होऊ शकतो, हे या अधिकाऱ्याने स्वतः जगून दाखवलं. या साऱ्या परंपरेत सर्वांत मोठा मान त्यांनाच द्यायला हवा.

मंडालेत १९२४ साली जन्मलेले मारवाडी उद्योजक सत्यनारायण गोएंका १९५५मध्ये त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने हैराण होऊन. नुसत्या डोकेदुखीच्या उपचारासाठी येणार असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी आधी सुनावलं. गोएंका राहिले, चौदा वर्षं शिकले आणि १९६९ साली भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत झालं. १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरं भरू लागली: मौन, आधी श्वासाचं निरीक्षण, मग सर्वांगाच्या संवेदनांचं. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर सगळं चालतं.

भारतात येण्याची ऊ बा खिन यांची इच्छा पुरी झाली नाही. १९७१ साली ते वारले. पण त्यांची विद्या इथे पोहोचली: एप्रिल १९९४मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिराला बसले आणि त्यानंतर तिथे विपश्यनेचं कायमचं केंद्र सुरू झालं.