लोकरीच्या गावातला प्रश्न

शाळेच्या पुस्तकात ग्रेगोर मेंडेल भेटतो तो एकटाच. मठाची बाग, वाटाण्याची उंच आणि बुटकी रोपे, आणि शेवटी ३:१ हे गुणोत्तर. विद्यार्थी चौकट आखतो, तिच्यात अक्षरे भरतो आणि गुण मिळवतो. मात्र मठात राहणाऱ्या एका धर्मगुरूला वर्षानुवर्षे वाटाणे मोजत बसण्याची गरज का पडली, हे त्या धड्यात सहसा येत नाही. त्यामुळे आनुवंशिकतेचे नियम एका प्रतिभावंताला अचानक सुचले, असा समज मुलांच्या मनात घर करतो. तो समज इतिहासाला धरून नाही. मेंडेलचा मठ ज्या ब्रनो शहरात होता ते लोकरीच्या धंद्यावर वाढलेले शहर होते, आणि ‘आई-बापाचे गुण पिलात कसे उतरतात’ हा प्रश्न तिथे मेंडेल येण्याआधी किमान पंचवीस वर्षे मेंढ्यांच्या पैदासकारांच्या सभांमध्ये गाजत होता. प्रश्न धंद्याने दिला आणि तो तपासण्याची एक रीतही दिली. उत्तर मिळाले ते ही रीत मेंढ्यांवरून वाटाण्यावर आली आणि तिला मोजणीची जोड मिळाली तेव्हा.

आज चेक प्रजासत्ताकात असलेले ब्रनो तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या मोराव्हिया प्रांताची राजधानी होते. इचलकरंजीला जसे महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, तसे ब्रनोला ऑस्ट्रियाचे मँचेस्टर म्हणत. गिरण्यांना तलम लोकर हवी होती आणि तलम लोकर म्हणजे स्पेनची मेरिनो मेंढी. स्पेनने ही मेंढी शतकानुशतके देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. अठराव्या शतकात ती सॅक्सनीत आणि ऑस्ट्रियात पोचली आणि तिथून पैदासकारांची खरी परीक्षा सुरू झाली. मेरिनोचा मेंढा गावठी मेंढीवर सोडला तर होणारे कोकरू कोणाच्या वळणावर जाईल? दुसऱ्या पिढीत ती तलम लोकर टिकेल की विरून जाईल? एका चुकीच्या मेंढ्यामुळे अख्ख्या कळपाची लोकर जाडीभरडी होऊ शकत होती, आणि ती चूक कळेपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जात. अशा माणसांना ‘खाण तशी माती’ एवढ्या म्हणीवर भागवून चालणार नव्हते. खाण चांगली असूनही माती हलकी निघते, हे त्यांना कळपात रोज दिसत होते.

याच पेचावर इंग्लंडमध्ये लेस्टरशरच्या रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने एक वाट काढली होती. १७९५ साली वारलेल्या बेकवेलने जवळच्या नात्यातल्या जनावरांची जुळणी करून आणि नको ती पिले कठोरपणे बाजूला काढून मेंढ्यांचे एक नवे वाण तयार केले. त्याच्या कामातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. तो आपले मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. भाड्याचे पैसे मिळत ते मिळतच, पण त्या मेंढ्याची कोकरे वेगवेगळ्या शेतांवर कशी निपजतात हेही त्याला पाहायला मिळे. ज्याची कोकरे उत्तम, तो मेंढा पुढच्या वर्षी तो स्वतःच्या कळपासाठी ठेवी. म्हणजे मेंढ्याची पारख त्याच्या अंगावरच्या लोकरीवरून न करता त्याच्या संततीवरून करायची. ही रीत मोराव्हियात पोचली. तिथे १८१४ साली ख्रिश्चन कार्ल आंद्रे यांच्या पुढाकाराने मेंढीपालनाला वाहिलेली एक संस्था निघाली. जमीनदार, शेतकरी, कापडाचे कारखानदार आणि अध्यापक तिच्या सभांना येत, लोकरीचे नमुने मांडत आणि वाद घालत.

या वादांतून निघालेला एक लेख आजही थक्क करतो. १८१९ साली हंगेरीतले जमीनदार इम्रे फेस्टेटिच यांनी आपल्या कळपाच्या अनुभवावरून काही नियम मांडले आणि त्यांना निसर्गाचे ‘जनुकीय नियम’ म्हणता येईल अशा अर्थाचे नाव दिले. त्यातला एक नियम असा की, पिलात न दिसणारा आजा-आजीचा गुण पुढच्या एखाद्या पिढीत पुन्हा दिसू शकतो. आपल्याकडे ‘मुलगा आजोबांवर गेला’ असे सहज म्हटले जाते. फेस्टेटिच यांनी तेच निरीक्षण नियमाच्या पदवीला नेले. पुढे ओलोमोउत्स विद्यापीठात योहान कार्ल नेस्टलर पैदाशीतली आनुवंशिकता हा विषय शिकवू लागले. १८३६-३७च्या सुमारास ब्रनोच्या सभेत चर्चा जुळणीच्या तंत्रात अडकली, तेव्हा एका सभासदाने तिला मुद्द्यावर आणले. नेमके काय वारशाने मिळते आणि कसे मिळते, हे आधी ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. हे सभासद म्हणजे सेंट थॉमस मठाचे मठाधिपती सिरिल नाप. मठाला जमीनजुमला होता आणि त्याचा कारभार नाप पाहत, त्यामुळे हा त्यांच्या रोजच्या व्यवहाराचाही प्रश्न होता. १८४३ साली याच नाप यांनी एका गरीब शेतकऱ्याच्या मुलाला मठात घेतले. तो मेंडेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मेंडेलच्या १८६६च्या निबंधात मेंढ्यांचा उल्लेख नाही. निबंधाची सुरुवात होते शोभेच्या फुलझाडांच्या कृत्रिम परागणापासून, आणि त्यात नावे येतात ती वनस्पतींचे संकर करणाऱ्या शास्त्रज्ञांची. मग मेंढ्यांशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून नाही का? नाप यांच्या प्रश्नातून मेंडेलचा प्रयोग सरळ रेषेत निघाला, असे म्हणणे खरोखरच जादा होईल. पण मेंडेल ज्या वातावरणात वाढला त्याची साखळी कागदोपत्री सापडते. मठात आल्यावर त्याने ब्रनोत शेतीचे, फळबागांचे आणि द्राक्षलागवडीचे रीतसर पाठ घेतले. नाप यांनीच त्याला १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले आणि प्रयोगांसाठी मठाची जागा दिली. आणि ज्या निसर्ग-अभ्यास मंडळात त्याने १८६५च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये आपला निबंध वाचला, ते मंडळ तिथल्या कृषी संस्थेतूनच वेगळे झाले होते. मेंढ्या निबंधात नसल्या तरी मेंढ्यांनी उभा केलेला प्रश्न तिथे होता.

मेंडेलचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. ते कुठे आहे, एवढेच अधिक स्पष्ट होते. लोकरीची तलमता हा एक गुण वाटतो, पण तिच्यामागे अनेक जनुके असतात आणि चाऱ्याचा व हवामानाचाही हात असतो. त्यामुळे संकरित कोकराची लोकर बहुधा मधली निघते आणि आई-बापाचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळले असेच पाहणाऱ्याला वाटते. शिवाय मेंढीला वर्षाला एखाद-दुसरेच कोकरू होते. म्हणजे मेंढी प्रश्न विचारू शकत होती, पण उत्तर देऊ शकत नव्हती. मेंडेलने वाटाणा निवडला, कारण त्याचे वाण शुद्ध मिळतात, फूल आपल्याच परागांनी फळते आणि दाणे भरपूर येतात. त्यातही त्याने दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, असे मधली स्थिती नसलेले सातच गुण घेतले. काम नाजूक होते. कळी उमलण्याआधीच उघडायची, होडीच्या आकाराची पाकळी काढायची, चिमट्याने दहाही पुंकेसर एकेक करून खुडायचे आणि दुसऱ्या रोपाचे पराग कुक्षीवर लावायचे. सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद पट्ट्यात हे काम १८५६पासून आठ वर्षे चालले.

गोल आणि सुरकुतलेल्या वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते. हेच ते पुस्तकातले ३:१. मेंडेल इथे थांबला असता तर ते एक कुतूहल ठरले असते. त्याने गोल दाण्यांपासून ५६५ रोपे वाढवली. त्यातल्या १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले; ३७२ रोपांना गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही आले. पेरताना हे सगळे दाणे दिसायला सारखेच होते. पोटात काय आहे ते संततीने सांगितले. बेकवेल भाड्याने दिलेल्या मेंढ्याची जी परीक्षा करत होता, तीच ही परीक्षा. फरक इतकाच की बेकवेलने डोळ्यांनी पारख केली आणि मेंडेलने मोजले. मोजल्यामुळेच त्याला म्हणता आले की गुण विरघळत नाहीत. ते जोडीने असतात, त्यातला अप्रभावी दडून राहतो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा वर येतो.

दुसरा आक्षेप असा की, गाव जर या प्रश्नाने एवढे भारले होते तर मेंडेलचा निबंध १९००पर्यंत दुर्लक्षित का राहिला? याचे उत्तरही धंद्याच्या इतिहासात सापडते. १८६५ येईपर्यंत ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर युरोपच्या बाजारात उतरली होती आणि मोराव्हियातल्या मेंढीपालनाचा भर ओसरला होता. नेस्टलर वारले होते, जुन्या सभांची पिढी मागे पडली होती. उरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना गुणोत्तरांची भाषा परकी होती. त्यात हॉकवीड या रानफुलावर मेंडेलने केलेल्या प्रयोगांत तोच नियम दिसेना, कारण ते झाड बहुधा परागणाशिवायच बी धरते, हे तेव्हा माहीत नव्हते. या विस्मरणाची किंमत उत्क्रांतीच्या विचाराला मोजावी लागली. डार्विननेही कबुतरांच्या आणि जनावरांच्या पैदासकारांकडूनच निवडीचे तत्त्व उचलले होते, पण गुण मिसळून जात असतील तर एखादा नवा उपयुक्त गुण काही पिढ्यांत पुसला जाईल, हा १८६७ साली फ्लीमिंग जेंकिनने घेतलेला आक्षेप त्याला छळत राहिला. त्याचे उत्तर एका वर्षापूर्वीच छापून झाले होते. जो गुण दडतो पण विरघळत नाही, तो निवडीसाठी शिल्लक राहतो.

वाटाणा का सुरकुततो, हेही आता ठाऊक आहे. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारे विकर बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्यात डीएनएचा एक आगंतुक तुकडा शिरलेला असतो, हे १९९० साली सापडले. त्यामुळे स्टार्च कमी तयार होतो, साखर वाढते, कोवळा दाणा जास्त पाणी शोषून फुगतो आणि वाळताना त्याचे साल सैल पडते. जोडीतले एक जनुक चांगले असले तरी दाणा गोल राहतो, आणि सदोष प्रत त्याच्या आड गुपचूप पुढे जाते. ३:१चा धडा शिकवताना एक मूठ वाळलेले वाटाणे हातात द्यावेत आणि आधी पैदासकाराचा प्रश्न विचारावा: यातले कोणते बी राखून ठेवाल? मूल गोल दाणे निवडेल. मग त्याला सांगावे की यातल्या काहींच्या पोटात सुरकुती दडलेली असू शकते, आणि ती ओळखायची तर पेरून पाहावे लागेल. ब्रनोच्या पैदासकारांना कळपापुढे उभे राहून हेच कळत नव्हते. ती अडचण ज्याला एकदा जाणवली, त्याला ती चौकट पाठ करावी लागणार नाही.