पडद्यावरची शाळा

जपानी शिकणाऱ्या तरुणांमध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक रीत रूढ झाली आहे. हिरागाना-काताकाना गिरवून झालं, की संगणकाची आणि मोबाइलची भाषा जपानी करून टाकायची. मेनू जपानी, घड्याळ जपानी, डेस्कटॉपवर तोक्योच्या गल्लीचं चित्र, कोपऱ्यात रोज बदलणारी एक कांजी. सुरुवातीला काहीच कळत नाही. पण फाइल तर साठवायचीच असते. मग ‘होझोन’ म्हणजे साठवणं, ‘साकुजो’ म्हणजे काढून टाकणं, ‘केन्साकु’ म्हणजे शोध, हे हाताला आधी कळतं आणि डोक्याला नंतर.

या रीतीला तात्त्विक बैठकही आहे. समजेल त्याच्या एक पायरी पुढची भाषा सतत कानाडोळ्यांवर पडत राहिली तर ती आपोआप मुरते, असं स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडलं. २००६च्या सुमारास ‘खात्झुमोतो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका तरुणाने अमेरिकेतल्या युटामध्ये बसून, जपानला न जाता, दीड वर्षात जपानी शिकल्याचं सांगितलं. त्याचा उपाय एकच होता: भोवतालचं सगळं जपानी करून टाका, संगणकसुद्धा. त्याच वर्षी डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन माणसाने स्वतःच्या जपानी अभ्यासासाठी ‘आंकी’ हा उजळणीचा प्रोग्रॅम लिहिला. आंकी म्हणजे पाठांतर. आज वैद्यकीय परीक्षांचे विद्यार्थीही तो वापरतात.

डेस्कटॉप नटवण्याचा छंद याच पिढीचा. त्याला इंग्रजीत एक गमतीदार नाव आहे, ‘राइसिंग’. जपानी गाड्यांना स्पॉयलर आणि स्टिकर लावून नटवणाऱ्यांची चेष्टा करणाऱ्या शब्दावरून ते आलं, असं सांगतात. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. जिथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, तिथे रोजच्या वापरातली वस्तू आपल्या मनासारखी सजवणं हा रिकामटेकडेपणा मानला जात नाही. जी वस्तू आपली वाटते, तिलाच माणूस सजवतो.

पण संगणकाची भाषा एका क्लिकवर जपानी करता येते, यामागे बरीच झटापट आहे. कीबोर्डवर बटणं शंभरच्या आसपास आणि कांजी हजारो. जपानने १९७८ साली संगणकासाठी अक्षरांचं राष्ट्रीय प्रमाणक ठरवलं, त्यात सहा हजारांहून अधिक कांजी होत्या. त्याच वर्षी तोशिबाने जेडब्ल्यू-१० हे लेखनयंत्र जाहीर केलं. उच्चार टंकला की यंत्र योग्य कांजी सुचवणार. आकार टेबलाएवढा, किंमत ६३ लाख येन. १९८२ मध्ये एनईसीचा पीसी-९८०१ आला. त्यात कांजींचे आकार वेगळ्या चिपमध्ये साठवलेले असत, म्हणून अक्षरं पडद्यावर झरझर उमटत. १९९०च्या डॉस/व्हीनंतर ही वेगळी चिपही लागेनाशी झाली. साध्या पीसीवर, नुसत्या सॉफ्टवेअरच्या जोरावर जपानी दिसू लागली.

याच दशकात आपल्याकडेही असंच काम चाललं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं संशोधन १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून आलेलं ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसे. जपानी चिप जे करत होती तेच हे कार्ड करत होतं. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६चा. ‘इस्की’ या भारतीय लिप्यांच्या प्रमाणकाला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. म्हणजे सुरुवातीला आपण फार मागे नव्हतो.

वाट चुकली ती विंडोज आणि डीटीपीच्या काळात. छापखान्यांना आणि वर्तमानपत्रांना सुबक अक्षर हवं होतं, तेही ताबडतोब. श्रीलिपी, आकृती अशा संचांनी ती गरज भागवली, पण प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. संगणकाच्या लेखी ती देवनागरी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे होते. लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की वधूवरांच्या नावांऐवजी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. जपानी लोकांनाही हा त्रास होता आणि त्याला त्यांनी नाव दिलं, ‘मोजिबाके’, म्हणजे रूप पालटलेली अक्षरं. त्यातला ‘बाके’ भुताखेतांसाठीच्या ‘बाकेमोनो’ या शब्दातही आहे. आपण या त्रासाला ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ म्हणत राहिलो.

युनिकोडने हे भूत उतरवलं. विंडोज २००० पासून देवनागरी मुळातच येऊ लागली. पुढे विंडोजचे मराठी मेनू आले. लिनक्सच्या डेस्कटॉपचं आणि फायरफॉक्सचं मराठीकरण झालं, त्यात हौशी लोकांचा मोठा वाटा होता. आज कुठल्याही फोनची भाषा मराठी करता येते. पण किती जणांनी केली आहे? हौसेने मेनू जपानी करणाऱ्यालाही ‘जतन करा’ हे बटण परकं वाटतं. कारण हे शब्द सरकारी, अवघड आहेत असं सांगतात. मला ते पटत नाही. ‘होझोन’ कोणत्या हिशेबाने सोपा आहे?

या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात सापडतं. १९२९ साली इथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी कोल्हापुरात चित्रपट होत राहिले. त्या काळात या धंद्यासाठी मराठी शब्द घडले: चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, संकलन, ध्वनिमुद्रण. यांतले काही सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. घडले तेव्हा हे शब्द ‘जतन’पेक्षा सोपे मुळीच नव्हते. पण ते पडद्यावर झळकले. तिकीट काढून बसलेल्या माणसाला चित्रपट पाहण्याआधी ‘दिग्दर्शन’ वाचावंच लागे. पुन्हा नवा चित्रपट, पुन्हा तेच शब्द. शब्द पुढे आणि त्याचा अर्थ लगेच मागोमाग, ही शिकवणी वर्षानुवर्षं चालली. शब्द रुळला तो सोपा होता म्हणून नव्हे, टाळता येत नव्हता म्हणून.

जपानमध्येही असंच झालं. तत्त्वज्ञानासाठीचा ‘तेत्सुगाकु’ हा शब्द निशी आमाने यांनी घडवला, तो १८७४ साली छापून आला. मेइजी काळातले असे कित्येक शब्द शाळा, कायदे आणि वर्तमानपत्रं यांतून इतके भिनले, की ते घडवलेले आहेत हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. महाराष्ट्राने १९६० मध्ये भाषा संचालनालय काढलं, परिभाषाकोश छापले. कोश कपाटात राहिले आणि संगणक टेबलावर आला तो इंग्रजी मेनू घेऊन. सेव्ह, डिलीट, सेटिंग हे शब्द आपण ठरवून घेतले नाहीत. तेही त्याच शाळेत शिकलो. जपानी शिकणारा तरुण आज हौसेने जो प्रयोग करतो, तो इंग्रजीने आपल्यावर तीन दशकं केला आहे, फक्त आपल्याला कुणी विचारलं नाही.

यात आता पोटापाण्याचा प्रश्नही आला आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला. वृद्धसेवा, शेती, कारखाने अशा क्षेत्रांत जायचं तर साधारण एन-४ पातळीची जपानी लागते. त्यासाठी शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये मराठी माध्यमातून आलेले पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती पुस्तक मात्र बहुधा इंग्रजीतून जपानी शिकवणारं. खरं तर जपानी वाक्याची ठेवण मराठीच्या फार जवळची. क्रियापद शेवटी. ‘कोल्हापूरला’ मधल्या ‘ला’च्या जागी ‘नी’, ‘तोक्योचा’ मधल्या ‘चा’च्या जागी ‘नो’, दोन्ही नामाच्या मागेच लागतात. कुणाशी कसं बोलायचं हे क्रियापदातच ठरतं, हेही ‘ये’ आणि ‘या’ यांत वाढलेल्याला नवीन नाही. इंग्रजीवरून गेलं तर हे सगळं उलटं करून पुन्हा सुलटं करावं लागतं.

मेनू जपानी केल्याने दोन-अडीचशे शब्द येतील, आजारी म्हाताऱ्या माणसाशी अदबीने बोलणं येणार नाही. त्यासाठी माणसंच लागतात. पण मेनू जपानी करणाऱ्या या मुलांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे: अनोळखी शब्दांनी भरलेला पडदा माणूस सहन करतो, इतकंच नव्हे तर चार-सहा आठवड्यांत त्यात सरावतो. त्यांच्या आंकीतल्या पत्त्यांवर एका बाजूला जपानी असते आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ती दुसरी बाजू मराठीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. असा एखादा संच कुणी मन लावून केला, तर पुढच्या तुकडीला तो आयता मिळेल.