क्रिनोलीन

क्रिनोलीन : घेरदार पाश्चात्त्य झग्याचा फुगीरपणा टिकविण्यासाठी त्याखाली घालावयाचा ताठर परकर किंवा कड्यांचा सांगाडा. साडीखालील परकर मुख्यतः निऱ्या खोचण्यासाठी असतो. झग्याखालील ताठर परकराचे कार्य वरच्या कापडाचा भार उचलून धरणे व त्याला आकार देणे, हे होय. घोड्याचे केस व जवसाचा धागा या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांपासून ‘क्रिनोलीन’ ही संज्ञा बनली. आरंभी ती या दोन धाग्यांच्या ताठर कापडास, नंतर त्या कापडाच्या परकरास आणि १८५६ नंतर पोलादी कड्यांच्या सांगाड्यास लावण्यात आली.

पूर्वपीठिका : अशा सांगाड्याचा पहिला ज्ञात प्रकार पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील कॅस्टीलच्या दरबारात प्रचारात आला. लवचिक काड्या बसविलेला हा परकर शंकूच्या आकाराचा असे. सोळाव्या शतकात तो ‘फार्दिंगेल’ या नावाने इंग्लंडमध्ये रूढ झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या (१५३३–१६०३) उत्तरकाळात त्याला कमरेभोवती चाकासारखा आडवा आकार आला. अठराव्या शतकात ‘पॅनिए’ म्हणजे टोपली या अर्थाचे फ्रेंच नाव असलेला प्रकार लोकप्रिय झाला. तो पुढून-मागून चपटा व दोन्ही कुशींना रुंद असे. वेत किंवा देवमाशाच्या तोंडातील लवचिक शृंगमय पट्ट्या त्यासाठी वापरीत. दारातून जाताना स्त्रियांना आडवे व्हावे लागे. म्हणून पुढे बिजागरीने वर उचलता येणारे सांगाडेही निघाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास सरळ, उंच कमरेचे झगे आले आणि दैनंदिन पोशाखातून कडी नाहीशी झाली. इंग्लंडच्या दरबारी पोशाखात मात्र चौथ्या जॉर्जने १८२० मध्ये ती रद्द करीपर्यंत टिकून राहिली.

पोलादी क्रिनोलीन : १८३० नंतर झग्यांचा घेर पुन्हा वाढू लागला. तो सावरण्यासाठी घोड्याच्या केसांच्या परकरावर खळ दिलेले सुती परकर एकावर एक घालावे लागत. त्यांचा सारा भार कमरेवर पडे, चालताना ते पायांत अडकत आणि उन्हाळ्यात असह्य होत. विंटरहाल्टरने १८५५ मध्ये रंगविलेल्या सम्राज्ञी यूजेनी व तिच्या मानकरणींच्या प्रसिद्ध चित्रातील विशाल घेर अशा परकरांच्या थरांवरच उभे आहेत; पोलादी सांगाड्याचे एकस्व त्यानंतर एका वर्षाने घेतले गेले.

नव्या सांगाड्यात सुती आवरण घातलेली पातळ पोलादी कडी वरून खाली वाढत्या मापाने उभ्या फितींना अडकविलेली असत. त्यामुळे थोड्या वजनात मोठा घेर मिळे, पाय मोकळे राहत आणि बसताना कडी एकमेकींवर मिटत. परिधानाचा क्रमही ठरलेला होता : आतील सदरा, लांब चड्डी व काचोळी यांवर सांगाडा, कड्यांचे वळ दिसू नयेत म्हणून त्यावर एक-दोन परकर आणि शेवटी झगा. सांगाडा वाऱ्याने किंवा धक्क्याने उचलला जात असल्यामुळे लांब चड्डी आवश्यक ठरली. शेफील्डजवळील स्टॉक्सब्रिज येथे छत्रीच्या तारा बनविणाऱ्या सॅम्युएल फॉक्सच्या कारखान्यात, तसेच फ्रान्समधील प्यूजो घराण्याच्या कारखान्यांत क्रिनोलीनचे पोलाद तयार होई. यंत्रोत्पादनामुळे किंमत उतरली आणि सम्राज्ञीपासून मोलकरणीपर्यंत सर्व थरांतील स्त्रिया क्रिनोलीन वापरू लागल्या. वर्गभेद पुसणारी ही फॅशन ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाच्या व्यंग्यचित्रांचा आवडता विषय झाली.

धोके : ज्या पोकळीमुळे क्रिनोलीन हलके वाटे, तीच आगीच्या वेळी घातक ठरे. स्त्रीला आपल्या घेराच्या कडेचा अंदाज येत नसे. उघड्या शेगडीला किंवा मेणबत्तीला मलमल लागली, की आतील हवेमुळे ज्वाला क्षणात वर चढे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने परिचर्येवरील आपल्या पुस्तकात या पोशाखावर कठोर टीका केली. चिलीतील सँतिआगो येथे ८ डिसेंबर १८६३ रोजी चर्चला लागलेल्या आगीत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दाराशी झालेल्या कोंडीत घेरदार झग्यांचाही वाटा होता. पॅरिसची नर्तिका एमा लिव्हरी हिच्या मलमलीच्या थरांना १८६२ मध्ये तालमीच्या वेळी वायुदीपाची ज्योत लागली व पुढील वर्षी ती मरण पावली. कापड अग्निरोधक करण्याची रासायनिक प्रक्रिया उपलब्ध होती. परंतु तिने कापड कडक व निस्तेज होते म्हणून तिने ती नाकारली होती. गिरण्यांतही हा पोशाख यंत्रात अडकण्याची भीती असे. इंग्लंडमधील कोर्टल्ड यांच्या गिरणीने १८६० मध्ये कामगार स्त्रियांना क्रिनोलीन घरी ठेवून येण्याची सूचना दिली होती.

उत्तरकाल : १८६५ च्या सुमारास घेर पुढून चपटा होऊन मागे सरकला. १८७० नंतर केवळ पार्श्वभागी उंचवटा देणारा ‘बसल’ हा प्रकार आला व तोही शतकाअखेर मागे पडला. दुसऱ्या महायुद्धकाळातील कापडटंचाईनंतर फ्रेंच वेशकार क्रिस्तियन द्यॉर याने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी बारीक कमर व भरघोस घेराचे झगे सादर केले. १९५० नंतरच्या दशकात त्यांखाली नायलॉन जाळीचे झालरदार परकर सर्रास वापरात आले.

निवड व वापर : परकराची निवड झग्याचे कापड व आकार पाहून करावी लागते. शिफॉनसारख्या तलम कापडाला जाळीचे थर पुरतात. जड साटीन किंवा मखमलीच्या भाराने ते दबतात, म्हणून तेथे कडी लागतात. कमरेपासून नितंबापर्यंतचा भाग सपाट ठेवून चुण्या त्याखाली सुरू केल्यास कमर जाड दिसत नाही. परकर झग्यापेक्षा दोन-तीन सेंमी. आखूड असावा आणि लांबीचे माप पादत्राणे घालूनच घ्यावे. जाळी टोचू नये म्हणून आतून मऊ सुती अस्तर लावतात. सर्वांत खालचे कडे जमिनीपासून पुरेसे उंच नसेल, तर पाऊल त्यात अडकते.

आज असे परकर मुख्यत्वे विवाहाचे झगे, रंगभूमी व चित्रपट यांत आढळतात. गोव्यातील व मुंबई-वसई परिसरातील ख्रिस्ती वधूंच्या पांढऱ्या झग्यांखाली ते वापरले जातात. भारतीय बाजारात लेहंग्याखालील जाळीच्या थराला ‘कॅनकॅन’ म्हणतात. नायलॉनची जाळी जळताना वितळून त्वचेला चिकटते. त्यामुळे समई, निरांजन किंवा मेणबत्ती यांजवळ वावरताना एकोणिसाव्या शतकातील सावधगिरी आजही आवश्यक आहे.