फड आपण पेटवायचा, नाव हवामानाचे

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते: "हवामानच बदललंय, त्याला कोण काय करणार?" पहाटेचे धुरकट आभाळ, दोरीवरच्या कपड्यांवर पडलेली काजळी, म्हाताऱ्यांचा न हटणारा खोकला, सगळ्याचे खापर हवामानबदलाच्या माथी. पूर्वपक्ष असा, की तापमानवाढीने हिवाळा बिघडला आणि हिवाळ्याने हवा बिघडवली. म्हणजे दोष जगात कुठेही असो, आपल्या बांधावर नाही.

असे म्हणणारे अडाणी नाहीत, त्यांच्या हाताशी पुरावाही आहे. 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा कधी नव्हे इतकी बिघडली. शास्त्रज्ञ डॉ. गुफरान बेग आणि सहकाऱ्यांनी आपल्या अभ्यासात त्याचा संबंध सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकलेल्या ला निनाशी आणि बदललेल्या वाऱ्यांशी जोडला. त्याआधी, डिसेंबर 2021 च्या आरंभी, ऐन थंडीत अवकाळी पाऊस कोसळून जुन्नर-शिरूरकडे मेंढ्या गारठून मेल्या. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या सर्व फेब्रुवारींपेक्षा जास्त भरले. हिवाळा बिघडला आहे, हे मीही नाकारत नाही.

पण बेग यांचा तोच अभ्यास पुरता वाचावा. ज्या हिवाळ्यात मुंबई गुदमरली, त्याच हिवाळ्यात दिल्लीची हवा नेहमीपेक्षा बरी होती. वाऱ्याने एकीकडचा धूर पांगवला, दुसरीकडचा कोंडला. नवा धूर काही निर्माण केला नाही. शिवाय ला निना हे प्रशांत महासागराचे जुनेच चक्र आहे. तापमानवाढ त्याला नेमके कसे वळण देते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मग आपण कशाच्या जोरावर निकाल देऊन मोकळे होतो?

धूर कोंडण्याची युक्तीही निसर्गाला आजच सुचलेली नाही. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर मात्र ऊबदार थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपण झाकण म्हणू. कारखान्याच्या चिमणीचा धूर सकाळी आडवा पसरतो आणि दुपारी सरळ वर चढतो, तो याच झाकणामुळे. 17 जानेवारी 1935 रोजी पुण्यात पारा 1.7 अंशांवर उतरला होता. झाकण तेव्हाही होतेच. आणि ते आपल्याला ठाऊक नाही असेही नाही: कडाका पडला की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण तो धूर वर न जाता वेलींवर रेंगाळतो. झाकणाचा फायदा घेताना शास्त्र समजते. तोटा मोजताना मात्र हवामान आठवते!

बदलले ते झाकणाखालचे. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, उपसा योजनांनी पाणी माळावर चढले आणि ऊस त्यामागे गेला. आज माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे सहकारी कारखानेच पाच, खासगी वेगळे. त्यांचे बॉयलर, वीटभट्ट्या, सोलापूर महामार्गावरची वाहतूक आणि तोड झालेल्या फडातले पेटवलेले पाचट, हे सारे नेमके थंडीतच एकत्र येते. त्यात उजनीच्या फुगवट्यावरची ओल. धुक्याचे थेंब धुराच्या कणांवर धरतात, म्हणून भिगवणकडचे धुके निव्वळ धुके राहत नाही, धुरके होते.

मग हवामानबदलाचा वाटा किती? आहे, पण तो झाकणाची लहर वाढवण्याचा. कधी ढगाळ रात्रीने झाकण सैल होते, अवकाळी सर हवा धुऊनही काढते. कधी वारा पडतो आणि आठवडाभर काही हलत नाही. पुढची थंडी कशी जाईल याचा भरवसा उरला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. जे भरवशाचे नाही त्याच्या मेहेरबानीवर धूर सोडावा, हा कुठला न्याय?

शेतकऱ्याला खलनायक करण्याचा माझा हेतू नाही. पाचट राहिले की सरीतून पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, खोडव्याच्या मशागतीला मजूर मिळत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत. पण हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळले की त्यातले चाळीस-पन्नास किलो नत्रही बहुतेक हवेत जाते आणि मग आपण युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो. पाचट सरीत दाबून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू टाकले की ते कुजते, ही शिफारस जुनी आहे. उसाचे संशोधन केंद्रही लांब नाही, नीरेपलीकडे पाडेगावला आहे.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पुणे आहे, सोलापूर आहे. मधले बारामती-इंदापूर नाही. तेव्हा दिल्लीकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. कारखान्याचा चिटबॉय तोडीची नोंद ठेवतोच. त्याच वहीत, पाचट राखले की पेटवले, एवढा एक रकाना संचालकांनी येत्या हंगामापासून वाढवावा.