मद्य, मोटार आणि कायदा

१० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या टॅक्सीचालकाने मद्याच्या अमलाखाली आपली विजेची गाडी एका इमारतीवर आदळली. त्याने गुन्हा कबूल केला व २५ शिलिंग दंड भरला. मोटारचालकावरील अशा खटल्याची ही पहिली नोंद मानतात.

त्या काळी नशा ठरे ती पोलिसाच्या नजरेने व डॉक्टरच्या मताने. १९६७ साली ब्रिटनने श्वासपरीक्षा आणि रक्तातील मद्याची मर्यादा कायद्यात आणली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात, १९९४ च्या दुरुस्तीने, १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले, असे पुष्कळांना वाटते. परंतु न्यायालयातील कबुलीने दोष सिद्ध होतो, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणून वकिलाचा सल्ला कबुलीपूर्वीच घ्यावा. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेतील प्रत्येकास तो हक्क दिला आहे. कोठडीतील माणसास १९८७ च्या कायद्यान्वये विनामूल्य वकीलही मागता येतो. मात्र रस्त्यावर गेलेला जीव कोणत्याही वकिलास परत आणता येत नाही, हे चाक हाती घेण्यापूर्वी स्मरावे.